रिमोट ऑइल फिल्टर: ट्रकला बसवायचा की नाही, आणि बसवायचाच तर कसा

रावेर-सावद्याहून केळी भरून दिल्लीकडे निघालेली गाडी असो, धुळ्याहून कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेला जाणारी असो, नाहीतर खडी-मुरूम वाहणारा डंपर असो, खानदेशातल्या इंजिन ऑइलला दोन गोष्टी सोसाव्या लागतात. एक म्हणजे एप्रिल-मेमधली ४५ अंशांची हवा आणि दुसरी काळ्या मातीची बारीक धूळ. त्यावर उपाय म्हणून रिमोट ऑइल फिल्टर सुचवला जातो. मूळ फिल्टर काढून त्या जागी ॲडाप्टर प्लेट बसवायची, तिथून दोन होज काढायचे आणि चेसिसवर सोयीच्या जागी फिल्टर हेड लावून त्यावर फिल्टर चढवायचा, एवढीच ही रचना.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. कंपनीचंच इंजिन असलेल्या, रोज लांबचं भाडं मारणाऱ्या मोठ्या ट्रकला रिमोट फिल्टरची गरज बहुतेक वेळा नसते. ज्या गाडीचा फिल्टर क्रॉस मेंबर (चेसिसचा आडवा दांडा) आणि सायलेन्सर पाइपच्या बेचक्यात अडकलेला आहे, ज्या गाडीत दुसरं इंजिन बसवल्यामुळे फिल्टर स्टिअरिंग बॉक्सला किंवा एक्सलला लागतो, किंवा जिथे वेगळा ऑइल कूलर जोडायचाच आहे, तिथे तो खरोखर कामाचा आहे.

आधी दुखणं ओळखा

नक्की काय त्रास होतोय, हे पैसे टाकण्याआधी एका वाक्यात लिहून काढा. उत्तर सहसा पुढच्यापैकी एक असतं.

"ऑइल फार तापतं." एकटा रिमोट फिल्टर ऑइल थंड करत नाही. होज आणि फिल्टरच्या पत्र्यातून थोडी उष्णता बाहेर जाते, पण भर उन्हात लळिंगचा घाट चढताना तिचा काही उपयोग नाही. आधी ऑइल खरंच तापतंय का ते मोजा. गाडी भरून घाट चढल्यावर लगेच, चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) पत्र्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. पत्र्याचं तापमान आतल्या ऑइलपेक्षा काही अंश कमी दिसतं, हे लक्षात ठेवा. ऑइल ९० ते ११० अंशांत असेल तर सगळं ठीक. घाटात १२० पर्यंत गेलं तरी घाबरू नका. १३० च्या वर टिकून राहत असेल तर मात्र कारण शोधावं लागतं, आणि आपल्याकडे ते बहुतेक वेळा रेडिएटरच्या जाळीत सापडतं. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या जाळीत कापसाचा तंतू बसतो, मळणीच्या दिवसांत भुसा बसतो, आणि त्यावर धूळ-ऑइलचा थर चढून नमदा तयार होतो. रेडिएटर आणि इंटरकूलर यांच्यामधली फट उघडून, इंजिनाच्या बाजूने पुढे असं हलक्या दाबाच्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर पाती वाकतात आणि हवा आणखी कमी जाते. फॅनचा पट्टा, फॅन क्लच आणि थर्मोस्टॅटही याच फेरीत पाहून घ्या.

"ऑइल लवकर काळं पडतं." डिझेल इंजिनात ते पडणारच. काळा रंग काजळीचा असतो. काजळीचे कण एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात आणि कागदी फिल्टरमधून ते आरपार जातात. फिल्टर कितीही मोठा लावला तरी रंग बदलणार नाही.

"धुळीने इंजिन झिजतं." ही भीती खरी आहे. पण धूळ ऑइलच्या वाटेने येत नाही, हवेच्या वाटेने येते. एअर फिल्टर ते टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) हा रबरी पाइप सोडवा आणि स्वच्छ बाजूला आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर फिल्टरची बैठक किंवा पाइपचा क्लॅम्प हवा खेचतोय. तो क्लॅम्प बदलणं हा त्या इंजिनावरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा उपकार आहे.

"ऑइल जास्त मावेल." हिशेब करून पाहा. अर्धा इंची होजच्या एका मीटरमध्ये साधारण १२५ मिली ऑइल मावतं, पाऊण इंचीत २८५ मिली. एकेक मीटरचे दोन पाऊण इंची होज आणि थोडा मोठा फिल्टर धरला तरी एक-सव्वा लिटरची भर पडते. सात लिटर चेंबरच्या टेम्पोला ही भर जाणवेल. पंधरा-वीस लिटरच्या ट्रकला तिचं अप्रूप नाही.

"फिल्टर हाताला लागत नाही." हे एकच दुखणं रिमोट फिल्टर मुळापासून बरं करतो. तरी वेळेचा हिशेब करा. वर्षाला एक लाख किलोमीटर आणि दर दहा हजाराला ऑइल बदली धरली तर वर्षात दहा वेळा फिल्टर निघतो. दर वेळी वीस मिनिटं वाचली तर वर्षाचे तीन-साडेतीन तास होतात. तेवढ्यासाठी पुढची जोखीम घ्यायची का, हे मालकाने ठरवायचं.

जोखीम किती मोठी आहे

मूळ फिल्टरला एक गॅस्केट असतं. रिमोट जोडणीत ॲडाप्टरचं गॅस्केट, मधल्या बोल्टची ओ-रिंग, होजची चार टोकं, हेडचे निपल, डमी प्लग आणि शेवटी फिल्टरचं गॅस्केट मिळून आठ-दहा जागा गळू शकतात.

झिरपणं एक वेळ परवडेल, होज फुटणं परवडत नाही. ऑइल पंप मिनिटाला ४० लिटर ढकलतोय आणि चेंबरमध्ये १२ लिटर आहे असं धरा. होज पूर्ण तुटला तर चेंबर १८ ते २० सेकंदांत रिकामं होतं. ताशी ६० किलोमीटरने गाडी तेवढ्या वेळात तीनशेहून जास्त मीटर जाते. ड्रायव्हरचं लक्ष समोरच्या ट्रेलरवर असतं आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा भर उन्हात दिसत नाही. पुढे क्रँक आणि बेअरिंगचं काय होतं हे कोणत्याही मिस्त्रीला विचारा. म्हणून आमची अट साधी आहे: बझर आणि प्रेशर गेज लावायची तयारी नसेल तर रिमोट फिल्टरही लावू नका.

कोणत्या इंजिनाला बसवू नये

गाडी वॉरंटीत असेल तर विषय तिथेच थांबवा. ऑइलच्या मार्गात केलेला बदल हे इंजिनाचा दावा नाकारायला पुरेसं कारण ठरू शकतं.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये आणि त्याआधीच्याही बऱ्याच मोठ्या इंजिनांवर फिल्टर आणि ऑइल कूलर एकाच ओतीव घरात असतात, किंवा पत्र्याच्या डब्याऐवजी नुसतं कागदी काडतूस असतं. तिथे ॲडाप्टरला जागाच नसते. घर कापून किंवा झाकण बदलून जुगाड करण्याच्या फंदात पडू नका, कारण त्याच घरात कूलरचं पाणीही फिरत असतं.

आता बायपास व्हॉल्व्हचा मुद्दा. जोडणी करणारे बहुतेक जण इथेच चुकतात. फिल्टर चोंदला किंवा ऑइल गार आणि दाट असलं तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून ऑइलला आडवाट देणारा हा व्हॉल्व्ह असतो. काही इंजिनांत तो फिल्टरच्या डब्यात असतो, काहींत ब्लॉकमध्ये. ब्लॉकमधला व्हॉल्व्ह फिल्टरकडे जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या ऑइलच्या दाबातला फरक पाहतो, आणि साधारण एक ते दीड किलोच्या (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढ्या किलोच्या) फरकाला उघडतो. मूळ जागी हा फरक फक्त फिल्टरचा होता. आता त्यात दोन्ही होजमधली दाबाची घटही मिळवली जाते. होज बारीक असला तर फिल्टर नवाकोरा असूनही व्हॉल्व्ह उघडा राहतो, आणि ऑइल न गाळताच बेअरिंगला जातं. बाहेरून काहीच कळत नाही, गेजही छान दिसतो. ज्या फिल्टरसाठी एवढा खटाटोप केला, त्यातून ऑइल जातच नाही.

व्हॉल्व्ह कुठे आहे हे वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळतं. तो ब्लॉकमध्ये असेल तर ॲडाप्टर त्याचं तोंड झाकत नाही ना ते पाहा आणि होज जाड व आखूड ठेवा. तो फिल्टरमध्ये असेल तर रिमोट हेडवरचा नवा फिल्टरही बायपासवालाच घ्या.

होजची जाडी

दाबाची ही घट होजच्या आतल्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या उलट प्रमाणात बदलते. म्हणून अर्धा इंचीऐवजी पाऊण इंची होज घेतला तर गार ऑइलची घट जवळपास पाचपट कमी होते. १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांवर आणि प्रवाह मिनिटाला ४० लिटर असताना अर्धा इंची होजच्या दर मीटरला जवळपास एक किलो दाब खर्ची पडतो, पाऊण इंचीत तो पाव किलोच्याही आत राहतो. आणि ४० अंश म्हणजे अजून कोमटच. जानेवारीत धुळ्याचा पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा पहाटे सेल मारताना ऑइल याच्या कितीतरी पट दाट असतं. खानदेशात उन्हाळ्याचा विचार सगळे करतात, रिमोट फिल्टरची खरी परीक्षा मात्र हिवाळ्याच्या पहाटे होते.

पिकअप आणि छोट्या टेम्पोला अर्धा इंच हा किमान व्यास, चार सिलिंडरच्या मध्यम ट्रकला पाऊण इंच, सहा सिलिंडरला पाऊण ते एक इंच. तीन सुताचा (३/८ इंची) होज कुठल्याच डिझेल इंजिनाला लावू नका. एकेका होजची लांबी शक्यतो एक मीटरच्या आत ठेवा आणि काटकोनी एल्बोऐवजी गोलाईचे बेंड वापरा.

होज विकत घेताना दुकानदार "दोनशे किलो प्रेशरचा आहे" असं सांगतो. ते खरं असतं, पण इथे प्रेशर हा प्रश्नच नाही. इंजिन ऑइलचा दाब सात-आठ किलोच्या पुढे क्वचितच जातो. प्रश्न उष्णतेचा आहे. जेसीबीला लागणारा साधा तारेचा हायड्रॉलिक होज साधारण १०० अंशांपर्यंतचाच असतो, आणि आपलं ऑइल रोज त्याच्या आसपास किंवा वर असतं. वर्षभरात त्याचं आतलं रबर कडक होतं, भेगाळतं आणि सोलून वाहू लागतं. टेफ्लॉनचं अस्तर आणि वरून स्टीलची जाळी असलेला होज घ्या. तो २०० अंश सोसतो. महाग आहे, पण या जोडणीत काटकसर करायची ही जागा नव्हे. ही जाळी करवतीसारखी घासते, त्यामुळे तिच्यावर रबरी किंवा नायलॉनचं आवरण चढवा. टोकं मशीनवर क्रिम्प करून (दाबून पक्की करून) घ्या. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसी भागात हायड्रॉलिक होज बनवून देणारे आहेत. स्क्रूचा क्लॅम्प आवळून लावलेला होज इथे चालत नाही.

बाकीचं सामान आणि आट्यांची गोम

ॲडाप्टर, फिल्टर हेड, दोन होज, निपल, ओ-रिंग, पाच-सहा मिलिमीटर पट्टीचा ब्रॅकेट, नायलॉक नट, रबर लावलेले पी-क्लॅम्प, इलेक्ट्रिक प्रेशर सेंडर (दाब मोजून गेजला कळवणारा) व गेज, बझर आणि ऑइल. नेहमीपेक्षा दोन लिटर ऑइल जास्त आणा.

आटे नीट पाहा. एम-२० दीड पिचचे (दोन आट्यांमध्ये दीड मिलिमीटर अंतर असलेले) आटे आणि पाऊण इंच १६ आट्यांचे आटे डोळ्यांना सारखेच दिसतात. एम-२० चा फिल्टर पाऊण इंची निपलवर चढतो, हाताला घट्टही लागतो, पण पकड अर्धवट असते. गार ऑइलचा पहिला जोराचा दाब आला की तो आट्यांवरून सुटतो. पिच गेज लावून मोजा, फिल्टरच्या डब्यावरचा नंबर तपासा आणि हेडवर रंगाने त्या फिल्टरचा नंबर लिहून ठेवा, म्हणजे बाहेरगावी कोणी भलताच फिल्टर चढवणार नाही.

बसवण्याची रीत

१. जागा ठरवा. फिल्टर चेसिसच्या आतल्या बाजूला, तोंड वर आणि डबा खाली लटकता असा असावा. म्हणजे गाडी उभी असताना तो भरलेला राहतो आणि काढताना सांडत नाही. आडवा लावावा लागला तर अँटी-ड्रेनबॅक रबर (इंजिन बंद झाल्यावर ऑइल उतरू न देणारं) असलेलाच फिल्टर वापरा. डब्याचा तळ चेसिसच्या खालच्या कडेपेक्षा खाली येऊ देऊ नका, केळीच्या बागेतल्या चाकोरीत तो पहिला आपटेल. पुढच्या चाकाने उडणाऱ्या खडीच्या रेषेत नको. टर्बो आणि सायलेन्सर पाइपपासून किमान १५ सेंटिमीटर दूर हवा, तेवढं अंतर नसेल तर मध्ये पत्रा लावा. तापलेल्या टर्बोवर ऑइलचा फवारा उडाला तर गाडी पेटते.

२. ब्रॅकेट चेसिसच्या उभ्या पाटात, शक्यतो आधीच असलेल्या भोकांत बसवा. वरच्या-खालच्या आडव्या कडेला भोक पाडू नका आणि चेसिसला वेल्डिंग मुळीच करू नका. दोन्हींमुळे तिथून तडा सुरू होतो.

३. लांबी मोजा ती सुतळीने नव्हे, जुन्या रबरी पाइपच्या तुकड्याने. इंजिन फाउंडेशनवर हलतं, चेसिस हलत नाही. त्यामुळे होजला सैल बाक हवा. ताणलेला होज टोकाशी तुटतो. एक जण सेल मारत असताना दुसऱ्याने इंजिनाची हालचाल पाहावी आणि मग लांबी पक्की करावी.

४. होज धुवा. या पायरीला घाई करू नका. कापताना आत रबराचा चुरा आणि जाळीच्या तारा पडतात. हेडकडून इंजिनाकडे जाणारा होज फिल्टरच्या नंतर येतो, म्हणजे त्यातली घाण थेट मेन बेअरिंगमध्ये जाते, अडवणारं मध्ये काहीच नाही. दोन्ही बाजूंनी स्वच्छ डिझेल सोडा, हवा मारा, आतून घट्ट बोळा ओढा आणि जोडेपर्यंत टोकं झाकून ठेवा.

५. इंजिन कोमट असताना ऑइल आणि जुना फिल्टर काढा. जुन्या फिल्टरचं गॅस्केट ब्लॉकला चिकटून राहिलं नाही ना पाहा. राहिलं असेल आणि त्यावर ॲडाप्टर चढवला तर तो हमखास गळतो. बैठक पुसा, ॲडाप्टरच्या ओ-रिंगला ऑइल लावा आणि मधला बोल्ट किटमध्ये दिलेल्या टॉर्कला टॉर्क पान्यानेच आवळा.

६. टेफ्लॉन टेप वापरू नका. तिचा तुकडा सुटला तर ऑइलच्या बारीक भोकात जाऊन बसतो. निमुळत्या आट्यांना द्रव सीलंट लावा, पहिले दोन आटे कोरडे सोडून. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये असे निपल जोर लावून आवळले तर हेड उभं चिरतं.

७. दिशा तपासा. ॲडाप्टरमधून बाहेर पडणारं ऑइल हेडच्या 'आत'च्या तोंडाला गेलं पाहिजे. फिल्टर न चढवता हेडच्या त्या तोंडात हवा मारा. हवा कडेच्या बाजूने यायला हवी, मधल्या निपलमधून नव्हे. होज उलटे लागले तर अँटी-ड्रेनबॅक रबर वाट अडवतं आणि प्रेशर चढतच नाही. खात्री झाली की दोन्ही होजना वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्या मारा.

८. होज दर ३० सेंटिमीटरला रबरी पी-क्लॅम्पने धरा. एअर ब्रेकचा पाइप, डिझेलचा पाइप आणि बॅटरीची वायर यांना तो कुठेही टेकू नये. बॅटरीच्या वायरशी जाळी घासली तर शॉर्ट होऊन होजला भोक पडतं.

९. फिल्टरच्या कडेच्या छिद्रांतून नवं ऑइल भरा, मधल्या भोकातून नाही. मधून ओतलेलं ऑइल न गाळता पुढे जातं. गॅस्केटला ऑइल लावा आणि फिल्टर हाताने चढवा. गॅस्केट टेकल्यावर पाऊण फेरा पुरे, किंवा डब्यावर लिहिलं असेल तेवढा.

१०. चेंबरमध्ये ऑइल भरा. इंजिन चालू होणार नाही अशा तऱ्हेने डिझेल बंद करा आणि दहा-दहा सेकंद सेल मारा, मध्ये अर्धा मिनिट थांबा. गेजचा काटा उठेपर्यंत इंजिन चालू करू नका. नंतर पाच मिनिटं आयडलवर ठेवून टॉर्चच्या उजेडात प्रत्येक जोड पाहा. बंद करा, दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पाहून कमी पडलेलं ऑइल भरा.

नंतरची देखरेख

इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला आणि दीड हजार आरपीएमला प्रेशर किती आहे ते लिहून ठेवा. बदल करण्याआधीचे आकडे लिहिलेले असतील तर ताडून पाहता येतं. गरम इंजिनात अर्ध्या किलोहून जास्त फरक पडला असेल तर होज बारीक आहे किंवा कुठे दुमडलाय. सकाळी दिवा विझायला पूर्वीपेक्षा एखादा सेकंद जास्त लागेल. चार-पाच सेकंद लागत असतील तर ऑइल रात्रीतून उतरून जातंय, अँटी-ड्रेनबॅक रबर किंवा फिल्टरची जागा पाहा. काहीही असो, सेल मारल्यावर अर्धा मिनिट ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, हे ड्रायव्हरला बजावून सांगा. नाहीतर आधी टर्बोचं बेअरिंग जातं.

पहिल्या ५० किलोमीटरला आणि ५०० किलोमीटरला सगळे जोड पाहा, मग दर आठवड्याला क्लिनरने फडकं फिरवावं. पहिली बदली लवकर करा आणि जुना फिल्टर टिन कटरने उघडा. करवतीने कापला तर तिचाच चुरा आत पडून फसवतो. कागद पसरून उन्हात धरा. तांब्याच्या रंगाची चमक दिसली तर बेअरिंग तपासायला हवं. होज वरून चांगले दिसले तरी तीन वर्षांत बदलून टाका.

काढलेला मूळ निपल, मूळ नंबरचा एक नवा फिल्टर, ॲडाप्टरच्या बोल्टचा पाना आणि चेंबर पुन्हा भरेल एवढं ऑइल कॅबिनमध्ये कायम ठेवा. पळासनेरच्या पुढे बिजासन घाटात होज गळायला लागला तर ॲडाप्टर काढून फिल्टर मूळ जागी चढवता येतो, आणि गाडी स्वतःच्या चाकांवर घरी येते. हे फक्त बझर वाजताच इंजिन बंद केलं असेल तर. प्रेशर नसताना इंजिन चाललं असेल, तर ऑइल भरून पुन्हा सेल मारायचा नाही. गाडी ओढून आणायची, चेंबर उतरवायचं आणि बेअरिंग पाहायचं.